तांगक्वेई : एका मुळाला विचारलेले प्रश्न

जिरे, धने, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर आणि हिंग. या सातांत सारखे काय, असा प्रश्न वर्गात टाकून पाहावा. मुले बहुधा 'स्वयंपाकघर' म्हणतील, आणि ते चूक नाही. पण शेतात उभी असताना ही झाडे पाहिली तर आणखी एक साम्य दिसते. सगळ्यांचा फुलोरा उघडलेल्या छत्रीसारखा असतो. वनस्पतिशास्त्रात ही सारी मंडळी एका कुळात बसतात. मराठीत त्याला चामर कुल म्हणतात. जुने शास्त्रीय नाव अंबेलिफेरी, आताचे एपिएसी. बाळंतिणीला आपल्याकडे ज्या बाळंतशोपा देतात, त्याही याच कुळातल्या. त्या म्हणजे शेपूच्या बिया.

या कुळाचा एक चिनी भाऊबंद आहे : अँजेलिका सायनेन्सिस. त्याच्या वाळवलेल्या मुळाला चीनमध्ये तांगक्वेई म्हणतात. पाळी अनियमित आहे, पोटात कळा येतात, अंगावरून कमी जाते किंवा जास्त जाते, बाळंतपणानंतर अशक्तपणा आहे, अशा तक्रारींसाठी चिनी वैद्य शेकडो वर्षे हे मूळ देत आले आहेत. औषध जुने आहे म्हणून ते चांगले, किंवा जुने आहे म्हणून ते भाकड, असे दोन सोपे निष्कर्ष आपल्याभोवती नेहमी फिरत असतात. आम्हांला या मुळाची गोष्ट सांगावीशी वाटली ती दुसऱ्याच कारणाने. वेगवेगळ्या काळांतल्या लोकांनी त्याला वेगवेगळे प्रश्न विचारले, आणि प्रश्न बदलला तसे उत्तरही बदलत गेले.

आधी झाड पाहू. वायव्य चीनमधल्या कान्सू प्रांतात मिन-श्येन नावाचा डोंगराळ तालुका आहे. तिथली तांगक्वेई सर्वांत नावाजलेली. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून जास्त उंची, थंड आणि दमट हवा या झाडाला मानवते. पहिल्या वर्षी बी पेरून रोपे करतात, थंडीच्या तोंडाशी ती उपटून हिवाळाभर जपून ठेवतात आणि वसंतात पुन्हा लावतात. दुसऱ्या वर्षाच्या शरद ऋतूत मूळ खणतात. बी हवे असेल तर झाड तिसऱ्या वर्षापर्यंत राखावे लागते. शेतकऱ्याची खरी धास्ती असते ती दुसऱ्याच वर्षी फुलोऱ्याचा दांडा वर येण्याची. दांडा आला की साठवलेले अन्न तिकडे जाते, मूळ लाकडासारखे कडक होते आणि औषधाच्या बाजारात त्याला कोणी विचारत नाही. ज्यांनी मुळ्याच्या शेतात डेंगरे आलेले पाहिले आहेत, त्यांना हे लगेच कळेल. खणलेली मुळे थोडी सुकू देतात, मग जुड्या बांधून मांडवावर ठेवतात आणि खालून मंद धूर देत हळूहळू वाळवतात. अशा मुळाला उग्र, गोडसर वास असतो. तो ज्या तेलामुळे येतो त्याच्याकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

'तांग' म्हणजे 'व्हायला हवे' आणि 'क्वेई' म्हणजे 'परत येणे'. तांगक्वेई म्हणजे 'परत यायलाच हवे'. या नावावर चीनमध्ये एक प्रसिद्ध गोष्ट आहे. तिसऱ्या शतकात चीन तीन राज्यांत विभागला गेला होता. इ. स. २२८ मध्ये च्यांग वेई नावाचा तरुण अधिकारी उत्तरेकडचे राज्य सोडून शू राज्याला जाऊन मिळाला. त्याची आई मागेच राहिली. पाचव्या शतकातल्या एका टीकाग्रंथात नोंदलेल्या हकिकतीनुसार आईने त्याला पत्र लिहून तांगक्वेई मागवली. मुलगा काय ते समजला. त्याने उलट कळवले की इथे 'युआन-चिह्' आहे, तांगक्वेई नाही. युआन-चिह् हेही एका औषधी मुळाचे नाव, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'दूरची आकांक्षा'. हा च्यांग वेई मूळचा थ्येनश्वेईचा, म्हणजे आजच्या कान्सू प्रांतातलाच. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यावरून एवढे कळते की त्या काळी हे मूळ घराघरांत माहीत होते. नाहीतर श्लेष कळला कोणाला असता?

सोळाव्या शतकातल्या ली शी-चन या थोर औषधिवेत्त्याने मात्र नावाचा संबंध स्त्रीशी जोडला. त्याचा औषधिकोश १५७८ मध्ये पुरा झाला आणि १५९६ मध्ये छापून आला. त्याच्या मते हे स्त्रियांचे मुख्य औषध, आणि परगावी गेलेल्या नवऱ्याने परत यावे ही बायकोची ओढ त्याच्या नावात आहे. त्याच्या आधीच्या एका वैद्याने सांगितलेला अर्थ अगदी वेगळा होता : वाट चुकलेले रक्त आणि प्राण या मुळाने आपापल्या जागी परत येतात. एकाच नावाचे हे दोन अर्थ. एकात औषध आहे, दुसऱ्यात बाई आहे. मधल्या शतकांत काय घडले?

रक्ताचे औषध, बायकांचे औषध

चीनचा सर्वांत जुना औषधिग्रंथ शन-नुंग या पौराणिक राजाच्या नावावर आहे. तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास संकलित झाला असावा. मूळ प्रत नष्ट झाली; इ. स. ५०० च्या आसपास थाओ हुंग-चिंग या विद्वानाने संपादन केले म्हणून मजकूर टिकला. त्यात ३६५ द्रव्ये आहेत आणि तांगक्वेई मधल्या प्रतीत आहे. उपयोग कोणते? खोकला आणि दम, हिवताप, चिघळलेले फोड, शस्त्राने झालेल्या जखमा, आणि यांच्या जोडीला स्त्रियांचे अंगावर जाणे व मूल न होणे. म्हणजे रणांगणावरचा शिपाई आणि घरातली स्त्री या दोघांसाठी एकच मूळ. दुवा होता रक्ताचा.

इ. स. २०० च्या सुमारास चांग चुंग-चिंगने लिहिलेल्या ग्रंथात गरोदर स्त्रीच्या पोटदुखीवर तांगक्वेईचे चूर्ण येते. त्यातच बाळंतपणानंतरच्या पोटदुखीवर तांगक्वेई, आले आणि मटण यांचा रस्सा सांगितला आहे. औषध कुठे संपते आणि जेवण कुठे सुरू होते, हे या पाककृतीवरून सांगणे अवघड आहे.

पुढे सर्वांत गाजला तो 'स्सु-वू-थांग', म्हणजे चार द्रव्यांचा काढा. त्यात तांगक्वेई, तिच्याच कुळातले छुआन-श्युंग हे मूळ, पांढऱ्या पिओनीचे मूळ आणि रेहमानियाचे शिजवलेले मूळ असते. आज हा काढा चीन आणि तैवानमध्ये मुलींच्या पाळीशी इतका जोडला गेला आहे की त्याची पहिली नोंद वाचून आश्चर्य वाटते. नवव्या शतकाच्या मध्यावर लिन नावाच्या एका विरक्ताच्या नावे असलेल्या, हाडे बसवण्याच्या पुस्तकात तो सापडतो. पडून, मार लागून जबर जखमी झालेल्यांसाठी!

जखमींचा काढा बायकांचा झाला तो सोंग राजवटीत. १०७६ मध्ये काय्फंग या राजधानीत सरकारने तयार औषधांचे दुकान उघडले. या दुकानाच्या योगसंग्रहात चार द्रव्यांचा काढा स्त्रीरोगांच्या भागात आला. सरकारी पुस्तकात आलेली कृती गावोगाव पोचली. त्याआधी सातव्या शतकात सुन स्सु-म्याओ या वैद्याने आपल्या ग्रंथात स्त्रियांच्या औषधांना सर्वांत आधीची जागा दिली होती. १२३७ मध्ये छन त्झु-मिंगने स्त्रीरोगांवर मोठा स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि सुरुवात केली पाळीपासून. पुरुषाच्या प्रकृतीत प्राणशक्ती मुख्य, स्त्रीच्या प्रकृतीत रक्त मुख्य, ही या परंपरेची बैठक. पाळीचे रक्त, गर्भाला मिळणारे पोषण आणि आईचे दूध ही एकाच रक्ताची रूपे, असे ते मानत. ही कल्पना आपल्याला फार परकी वाटू नये; आयुर्वेदातही स्तन्य आणि आर्तव ही रसधातूची उपधातू मानली आहेत.

आम्हांला या बदलाच्या दोन्ही बाजू दिसतात. पाळीचे रक्त विटाळाचे मानण्याची रीत चीनमध्येही होती. अशा समाजात वैद्यांनी पाळीची नियमितता, रंग, वेदना यांची बारकाईने विचारपूस करावी, त्यावर ग्रंथ लिहावेत, ही लहान गोष्ट नाही. पण त्याच वेळी स्त्रीचे बहुतेक सगळे आजार रक्ताच्या खात्यात जमा होऊ लागले, आणि जखमी शिपायाला चालणारे मूळ 'बायकांचे औषध' म्हणून वेगळे पडले. मुळात काहीच बदल झाला नव्हता.

इथे शिक्षकांसाठी एक सावधगिरीची सूचना. चिनी वैद्य ज्याला 'रक्त कमी पडणे' म्हणतात, ते आणि आपल्या शाळेच्या आरोग्य तपासणीत कळणारा रक्तक्षय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले निदान नाडी, जीभ, चेहऱ्याचा रंग यांवरून होते; दुसरे हिमोग्लोबिन मोजून. भारताच्या २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्यावर लोह लागते. 'रक्तवर्धक' हा शब्द कोणत्याही बाटलीवर दिसला तरी आत लोह आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

पेकिंगच्या प्रयोगशाळेत

युरोपियनांनी या मुळाला पहिला प्रश्न विचारला तो 'तू कोण?' असा. चीनच्या सागरी जकात खात्यात नोकरीला असलेला ऑगस्टिन हेन्री हा आयरिश डॉक्टर १८८२ पासून यी-छांग या नदीकाठच्या बंदरात होता. औषधी झाडांची चौकशी करता करता त्याने हुपेई प्रांतातून हजारो नमुने लंडनजवळच्या क्यू उद्यानाकडे पाठवले. त्या संग्रहातून १८९१ मध्ये डॅनिएल ऑलिव्हरने या झाडाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डील्सने त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. १८९९ मध्ये जर्मनीच्या मर्क कंपनीने मुळाचा अर्क 'युमेनॉल' नावाने पाळीच्या तक्रारींसाठी बाजारात आणला. बाटली जर्मन, छाप जर्मन. मूळ मात्र चीनमधून आलेले.

खरा रंगतदार भाग १९२३–२४ मधला आहे. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पैशातून उभ्या राहिलेल्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजात कार्ल श्मिट हा तरुण अमेरिकन औषधशास्त्रज्ञ काम करत होता. अमेरिकेत शिकून नुकताच परतलेला छन ख-ख्वेई त्याला येऊन मिळाला. चिनी औषधांची प्रयोगशाळेत पद्धतशीर परीक्षा घ्यायची, असे त्यांनी ठरवले आणि मालिकेतले पहिले औषध निवडले तांगक्वेई. १९२४ मध्ये त्यावर निबंधही निघाला. पण हाती ठोस असे फारसे लागले नाही. मग छनने घरातल्या एका वडीलधाऱ्या नातलगाकडून ऐकलेले 'मा-ह्वांग' हे दुसरे झुडूप घेतले. त्याचा काढा बेशुद्ध केलेल्या कुत्र्याच्या शिरेत टोचताच रक्तदाब चढला आणि बराच वेळ चढलेलाच राहिला. त्यातले द्रव्य होते एफेड्रिन. जपानच्या नागाई नागायोशीने ते १८८५ मध्येच वेगळे केले होते, पण त्याच्या या उपयोगाकडे जगाचे फारसे लक्ष गेले नव्हते. काही वर्षांतच एफेड्रिन जगभर दम्यावर वापरले जाऊ लागले.

प्रयोगशाळा एक, माणसे तीच, वर्षही तेच. एका झुडपाने जगाला औषध दिले आणि एका मुळाने हात रिकामे पाठवले. यावरून तांगक्वेई निकामी ठरली, असे पुष्कळांनी मानले. पण प्रश्न कोणता विचारला होता, ते पाहा. 'एकच द्रव्य वेगळे काढता येईल का, आणि ते टोचल्यावर काही मिनिटांत मोजता येईल असा परिणाम दिसेल का?' एफेड्रिन या प्रश्नाचे जणू मापाने शिवलेले उत्तर होते.

पुढच्या चिनी संशोधकांना प्राण्यांच्या गर्भाशयाच्या पट्टीवर काम करताना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. मुळातले उडनशील तेल गर्भाशयाचे स्नायू सैल करते, तर पाण्यात उतरणारा, न उडणारा भाग ते आकुंचित करतो. म्हणजे एकाच मुळात दोन उलटे गुण! तेलातला मुख्य घटक लिगस्टिलाइड हवेत आणि उष्णतेत टिकत नाही. त्यामुळे मूळ किती जुने आहे, काढा किती वेळ उकळला, भांड्यावर झाकण होते की नव्हते, यावर कपात काय उतरले ते ठरणार.

दुसरा घटक फेरुलिक आम्ल. चीनच्या आजच्या औषधकोशानुसार चांगल्या तांगक्वेईत ते निदान ०.०५ टक्के असावे लागते. या आम्लाचे नाव कुठून आले ठाऊक आहे? १८६६ मध्ये ते प्रथम वेगळे केले गेले ते हिंगातून, आणि हिंगाच्या झाडाची प्रजाती फेरुला. मात्र फेरुलिक आम्ल गव्हाच्या आणि तांदळाच्या कोंड्यातही भरपूर असते. तेव्हा औषधकोशातला हा आकडा मुळाची प्रत तपासायला ठीक. तेच द्रव्य पाळीच्या कळा थांबवते, असा त्याचा अर्थ होत नाही. गुणवत्तेची खूण आणि गुणाचे कारण यांत गल्लत फार होते, अगदी जाहिरातींतसुद्धा.

दरम्यान, पाळीत पोट का दुखते याचाच उलगडा झाला. १९५७ मध्ये पिकल्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवले की पाळीच्या स्रावात स्नायू आकुंचित करणारे काहीतरी असते. ती प्रोस्टाग्लँडिन्स निघाली. पाळीच्या वेळी गर्भाशयाचे अस्तर सुटताना ती तयार होतात, स्नायू आवळले जातात, रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळा येतात. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन्स बनूच देत नाहीत हे सिद्ध केले. १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने कळा का थांबतात, ते यातून कळले. 'मनावर घेऊ नकोस' असे ज्या मुलींना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले, त्यांच्या दुखण्याला शरीरातले कारण होते आणि ते मोजता येत होते.

काढ्यातून गोळीत

एकोणिसाव्या शतकात क्वांगतुंग प्रांतातले हजारो लोक सोन्याच्या आणि रेल्वेच्या कामासाठी कॅलिफोर्नियात गेले. त्यांच्याबरोबर त्यांची औषधेही गेली. म्हणूनच इंग्रजीत या मुळाचे नाव तिथल्या कँटोनी उच्चाराने 'दोंग क्वाय' असे रूढ झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी दुकानांत त्याच्या गोळ्या मांडल्या गेल्या, आणि त्या रजोनिवृत्तीत अंगातून निघणाऱ्या गरम वाफांवर खपू लागल्या. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातच याची नीट परीक्षा झाली. पाळी गेलेल्या ७१ स्त्रियांचे दोन गट केले. एकीला रोज ४.५ ग्रॅम तांगक्वेई, दुसरीला दिसायला तशीच पण निष्क्रिय गोळी. कोणाला काय मिळते ते ना स्त्रियांना ठाऊक, ना तपासणाऱ्यांना. २४ आठवड्यांनी गरम वाफांत किंवा गर्भाशयाच्या अस्तरात फरक दिसला नाही.

चिनी परंपरेच्या जाणकारांनी लगेच हरकत घेतली : आम्ही हे मूळ एकटे देत नाही, आणि या तक्रारीसाठी तर मुळीच देत नाही. हरकत रास्त होती. पण त्यामुळे दुकानातली गोळी निर्दोष ठरत नाही, कारण ती एकटीच आणि त्याच तक्रारीसाठी विकली जात होती. मग परंपरेच्याच पद्धतीने तपासले तर? २००७ मध्ये तैवानमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाळीच्या कळा येणाऱ्या ७८ स्त्रियांपैकी काहींना चार द्रव्यांच्या काढ्याचे औषध, काहींना निष्क्रिय औषध दिले होते. उपचार चालू असताना दोन गटांच्या वेदनांत ठळक फरक आढळला नाही. २००८ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात पाळीच्या दुखण्यावरील चिनी वनौषधींच्या ३९ चाचण्या आणि ३४७५ स्त्रिया एकत्र पाहिल्या गेल्या. निष्कर्ष आशादायक, पण बहुतेक चाचण्यांची पद्धत कच्ची, म्हणून खात्री देता येत नाही, असा त्याचा सूर होता. आमच्या मते आज प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते. काहींना हे उत्तर अर्धवट वाटेल. पण ते जसे आहे तसेच मुलांपुढे ठेवावे.

परिणाम सिद्ध नाही म्हणजे अपाय नाही, असे मात्र समजू नये. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे ही ४६ वर्षांची स्त्री रक्त गोठू नये म्हणून वॉर्फरिन घेत होती. तिने कोणाला न सांगता तांगक्वेईच्या गोळ्या सुरू केल्या. रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर हा आकडा साधारण माणसात १ च्या आसपास असतो, तिचा २.३ होता, तो चार आठवड्यांत ४.९ वर गेला. गोळ्या थांबवल्यावर तो खाली आला. गरोदरपणातही हे मूळ आपल्या मनाने घेऊ नये, असे सांगितले जाते.

आणखी एक अडचण नावाची. जपानमध्ये त्याच चिनी अक्षरांनी लिहिले जाणारे 'तोकी' हे अँजेलिका अक्युटिलोबा या दुसऱ्या झाडाचे मूळ. कोरियातले 'तांगग्वी' तिसऱ्याच, अँजेलिका गिगास या जातीचे; त्यात लिगस्टिलाइडऐवजी डेकर्सिन नावाचे वेगळे द्रव्य मुख्य. चांग चुंग-चिंगचे जुने चूर्ण जपानमध्ये सरकारी आरोग्य विम्यात बसते, पण ते जपानी झाडाचे. तेव्हा 'तांगक्वेईवर संशोधन झाले आहे' असे वाचले की पहिला प्रश्न हवा : कोणत्या झाडावर? वर्गात शास्त्रीय नावे पाठ करताना कुरकुरणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर द्यावे.

कान्सूच्या डोंगरात अजूनही दरवर्षी शरदात मुळे निघतात, धुरावर वाळतात आणि त्यांतली बरीच थेट स्वयंपाकघरात जातात. २०१९ मध्ये चीनच्या आरोग्य खात्याने, परंपरेने अन्नही आणि औषधही असलेल्या पदार्थांच्या यादीत सहा नवी नावे घातली, फक्त मसाला म्हणून वापरण्याच्या अटीवर. त्यांत तांगक्वेई होती. तिच्या शेजारी होती हळद, पिंपळी आणि केशर.